अंडवृद्धी : लपविलेले दुखणे

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडून हमरस्ता ओलांडला, की समोरच सरकारी जनरल हॉस्पिटल लागते. इ. स. १६६४ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात लहान प्रमाणावर सुरू झालेली ही संस्था आज राजीव गांधी यांच्या नावाने ओळखली जाते. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात वाचकांनी एखादी सकाळ काढली, तर एक गोष्ट ध्यानात येईल. हात मोडलेला मनुष्य आपले दुखणे चारचौघांत सांगतो. अंडकोशाची सूज घेऊन आलेला पुरुष मात्र कोपऱ्यातील जागा शोधतो आणि डॉक्टरांनी विचारले, की पोटदुखीपासून प्रारंभ करतो. खरी तक्रार ओठांवर येईपर्यंत कित्येकदा वर्षे लोटलेली असतात.

ही सूज बहुधा अंडवृद्धीची असते. डॉक्टर तीस हायड्रोसील म्हणतात. वृषणाभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. त्या दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असतो, त्यामुळे वृषण सहज हालू शकतो. हा द्रव वाजवीपेक्षा अधिक साचला, म्हणजे अंडकोश फुगतो. नवजात बालकांतही असे आढळते. ते बहुतेकांत पहिल्या वर्षभरात आपोआप नाहीसे होते. मोठेपणी मार लागणे, दाह होणे अशी कारणे असतात, तर कधी कारण सापडतच नाही. चेन्नईसारख्या किनाऱ्यावरील शहरांत मात्र एक जुने कारण आहे, ते हत्तीरोगाचे.

कूवम नदी आणि बकिंगहॅम कालवा यांचे संथ, मैले पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना क्युलेक्स डासाचे घर कोठे असते हे सांगावयास नको. हा डास रात्री चावतो व हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी एका देहातून दुसऱ्या देहात नेतो. वाढ झालेले कृमी लसवाहिन्यांत ठाण मांडतात. पुरुषांत त्यांचे आवडते स्थान अंडकोशाजवळील लसवाहिन्या हे होय. त्यांची पिले रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घेण्याची रीत पडली. भारत सरकारने १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतून वर्षातून एकदा सर्वांना औषध देण्याची मोहीम सुरू झाली. तमिळनाडूत या रोगाचा प्रसार आता पुष्कळ घटला आहे. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूस मात्र गोळ्या वाटणारे कार्यकर्ते लोकांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी समक्ष गोळी घेण्याचा आग्रह धरला, तर रागावू नये. खिशात ठेवलेल्या गोळीने कृमी मरत नाहीत.

तथापि एकदा साचलेले पाणी केवळ गोळ्यांनी ओसरत नाही. लंगोट बांधल्याने ओझे हलके वाटते, इतकेच. सुईने पाणी काढले, तर ते बहुधा पुन्हा भरते; आणि हे काम एखाद्या भोंदूने केले, तर आत पू होण्याचे भय असते. यावर खरा उपाय शस्त्रक्रिया हाच. ती फार मोठी नव्हे. कमरेखालचा भाग बधिर करूनही ती करता येते. नंतर काही दिवस विश्रांती घ्यावी व काही आठवडे जड ओझे उचलू नये. अंडवृद्धीने पौरुष जाते, अथवा हे पूर्वायुष्यातील दुर्वर्तनाचे फळ आहे, या समजुतींना कोणताही आधार नाही. त्यांच्यामुळे मोडलेली लग्ने मात्र खरी असतात.

तरी प्रत्येक सूज अंडवृद्धीचीच समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. खोकताना फुगणारी व आडवे होताच पोटात परतणारी गाठ अंत्रवृद्धीची, म्हणजे हर्नियाची, असू शकते; ती अडकून दुखू लागली व उलट्या होऊ लागल्या, तर उशीर करू नये. वृषणातच न दुखणारी, कठीण गाठ हाताला लागली, तर ती कर्करोगाची नाही याची खात्री करून घ्यावी. हा कर्करोग विशेषतः तरुण वयात होतो व वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

सर्वांत निकडीची गोष्ट मुलांची. दहा-बारा ते अठरा वर्षांचा मुलगा एकाएकी अंडकोशात तीव्र कळ आल्याचे सांगू लागला, त्याला मळमळ होऊ लागली, तर वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुमारे सहा तासांच्या आत पीळ सोडविला, तर वृषण बहुधा वाचतो. पुढे प्रत्येक तासाला आशा कमी होत जाते. अशा रात्री शेक देत सकाळची वाट पाहू नये. मुले बहुधा पोट दुखते एवढेच सांगतात. तेव्हा आईने वा वडिलांनी न लाजता पुढचा प्रश्न विचारावा. बापाने आपली सूज दहा वर्षे धोतराआड लपविली असेल, तर मुलगाही तेच शिकलेला असतो.

घरातील डासांचा बंदोबस्तही या निमित्ताने पाहून घ्यावा. मच्छरदाणी आपण लावतोच. परंतु शौचकूपाच्या टाकीवर वायू निघून जाण्यासाठी जी नळी उभी असते, तिचे तोंड बहुधा उघडेच राहते. क्युलेक्स डास तेथूनच आत-बाहेर करतो. त्या तोंडावर बारीक जाळी बांधावी आणि ती फाटली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.