माहिती हीदेखील ठेवच

१९८२ साली सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बँकेत लिपिक म्हणून रुजू झालो. खातेवही हाती घेण्यापूर्वी एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागली. ग्राहकांच्या व्यवहारांविषयी जे काही कळेल ते बाहेर जाऊ देणार नाही, असा त्याचा आशय होता. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी केलेल्या १९७० च्या कायद्यातील तेराव्या कलमानेच ही गोपनीयता बंधनकारक केली आहे, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र तो निव्वळ एक उपचार वाटला.

तो उपचार नव्हता, हे महिनाभरातच ध्यानात आले. गावातील एक प्रतिष्ठित गृहस्थ शाखाधिकाऱ्यांच्या टेबलाशी येऊन बसले. त्यांच्या मुलीसाठी स्थळ आले होते आणि मुलाचे खाते आमच्या शाखेत होते. "साहेब, आकडा नको. बरं चाललंय की नाही, एवढंच सांगा," असे ते म्हणाले. साहेबांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली आणि शांतपणे विचारले, "अण्णा, उद्या तुमच्या खात्याविषयी कोणी विचारलं, तर मी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?" अण्णा क्षणभर थांबले, हसले आणि चहा घेऊन निघून गेले. ग्राहक आपल्याकडे केवळ पैसे ठेवीत नाही, स्वतःविषयीची माहितीही ठेवतो, आणि तीही विश्वासाने दिलेली ठेवच असते, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

आज निवृत्तीनंतर या धड्याची आठवण व्हायला कारण घडले. गेल्या वर्षी मुलाच्या घरासाठी निरनिराळ्या कर्जांच्या व्याजदरांची तुलना करावी, म्हणून एका संकेतस्थळावर नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि मासिक उत्पन्न भरले. तासाभरात पाच ठिकाणांहून दूरध्वनी आले. त्यांतील एकाला मी विचारले, "माझा क्रमांक आपल्याला कोणी दिला?" उत्तर मोठे नम्र होते : "सर, आपणच संमती दिली आहे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पानाच्या तळाशी असलेल्या बारीक चौकोनात मीच खूण केली होती. ती केल्यावाचून पान पुढे सरकत नव्हते.

अशा खुणेला संमती म्हणावे का, हाच आजच्या काळातला खरा प्रश्न आहे.

तंत्रज्ञान कंपन्यांचा सगळा व्यवसाय या चौकोनावर उभा आहे. सेवा फुकट मिळते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपल्या सवयी, आपला ठावठिकाणा, आपल्या ओळखीपाळखी यांतून तिची किंमत वसूल होत असते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या अटी बदलल्या, तेव्हा कोट्यवधी भारतीयांपुढे 'मान्य करा किंवा सेवा सोडा' एवढाच पर्याय आला. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणी मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ज्या संदेशसेवेवर नातेवाईक, शाळा, दुकानदार सगळेच जमले आहेत, ती सोडण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. नाही म्हणण्याची सोय नसेल, तर होकाराला अर्थ उरत नाही.

शासनाच्या धोरणाचा प्रवासही सरळ झाला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिने २०१८ मध्ये अहवाल दिला. २०१९ मध्ये विधेयक आले, २०२२ मध्ये ते मागे घेण्यात आले, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम प्रसिद्ध व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हक्क मान्य झाल्यापासून तो अंमलात येईपर्यंत जवळजवळ एक दशक लोटावे, ही गोष्ट भूषणावह नाही.

तरीही कायद्यात स्वागतार्ह असे पुष्कळ आहे. माहिती घेणाऱ्याला त्याने मालक मानलेले नाही, विश्वस्त मानले आहे. संमती मुक्त, विवक्षित आणि कामापुरत्या माहितीशी मर्यादित असली पाहिजे. ती जितक्या सहजतेने देता येते, तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. बडोद्यात, इंदुरात किंवा बेळगावात राहणाऱ्या मराठी ग्राहकालाही हा हक्क आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. केवळ संमतीवर भिस्त ठेवली, तर सारा भार ग्राहकावर पडतो. दिवसातून दहा वेळा दहा पानी अटी कोण वाचणार? कर्जाची निकड असलेला माणूस तर काहीही मान्य करील. म्हणून 'विचारून घ्या' या नियमापेक्षा 'घेऊच नका' हा नियम अधिक परिणामकारक ठरतो, असे माझे मत आहे, आणि त्याचे दाखले आपल्याच क्षेत्रात आहेत.

१ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन दुकानांना ग्राहकांच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास बंदी केली. आता त्यांच्याकडे असतो तो क्रमांकाऐवजी दिलेला सांकेतिक टोकन. दुकानाची माहिती चोरीला गेली, तरी चोराच्या हाती खरा क्रमांक लागत नाही. दुसरा दाखला कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचा. कर्जदाराच्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक उचलून त्यांना धमकावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा अ‍ॅप्सना संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद यांना हात लावण्यासच मनाई केली. येथे ग्राहकाच्या संमतीचा प्रश्नच ठेवला नाही, हे महत्त्वाचे. जे जमवलेच नाही, ते ना चोरीला जाते, ना विकले जाते.

नव्या कायद्यातील तीन उणिवांकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. पहिली, सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातून सूट देऊ शकते. सुरक्षेची गरज खरी आहे. पण खासगीपणावरील बंधन कायद्याधारित, योग्य हेतूचे आणि प्रमाणशीर असावे, ही पुट्टस्वामी निकालातील कसोटी सरकारी यंत्रणांनाही लागू आहे. दुसरी, कंपनीने सुरक्षिततेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्या ग्राहकाच्या पदरात काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ हे भरपाईचे कलम होते. तेही वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. चोरी एकाच्या घरी व्हावी आणि भरपाई दुसऱ्याला मिळावी, असा हा न्याय झाला. तिसरी, माहिती अधिकार कायद्यातील सार्वजनिक हिताचा तोल राखणारे शब्द बदलून व्यक्तिगत माहितीला तेथे सरसकट सूट दिली गेली. दुसऱ्या एका कलमात सार्वजनिक हिताची वाट शिल्लक आहे हे खरे, पण ती अरुंद होऊ नये. नागरिकाचे खासगीपण आणि कारभाराची पारदर्शकता ही एकमेकींची वैरीण नव्हेत.

दुसऱ्यांचे दोष दाखवताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. शाखेतल्या झेरॉक्स यंत्राशेजारी आधारच्या प्रती पडून राहतात. फॉर्मवर आवश्यकता नसलेले रकाने भरून घेतले जातात. बचत खाते उघडायला आलेल्या वृद्धाला दुसऱ्याच दिवशी विमा विक्रीचा फोन जातो. कर्मचारी बंधूभगिनींना माझी विनंती आहे की, रुजू होताना ज्या प्रतिज्ञापत्रावर आपण सही केली, ते संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे. खातेवहीला कुलूप होते. पडद्याला आपली सचोटी हेच कुलूप आहे.

ग्राहकांनीही संकोच सोडावा. ही माहिती कशासाठी हवी, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आधारची प्रत देण्याची वेळ आली, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालेल का, हे आधी विचारावे. फोनमधील अ‍ॅप्सना दिलेल्या परवानग्या महिन्यातून एकदा तपासाव्यात आणि नको असलेल्या काढून टाकाव्यात. आपल्या पैशाचा हिशेब आपण पैपर्यंत मागतो. आपल्या माहितीचा हिशेब मागण्याची सवय ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी कंपन्यांना आणि शासनालाही तो देण्याची सवय लावून घ्यावी लागेल.