पथ्याचा कागद आणि घरची चूल

पथ्याचे महत्त्व या अंकाच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. लोलिंबराजांचा पथ्यविषयक श्लोक आपल्यापैकी कित्येकांना मुखोद्गत आहे आणि काहींच्या चिकित्सालयात तो भिंतीवरही लावलेला असतो. परंतु त्याच भिंतीखाली बसून आपण रुग्णाच्या हाती जो कागद देतो, त्यावर काय असते? ‘आंबट, तिखट, तेलकट, शिळे वर्ज्य. पचावयास हलका आहार घ्यावा.’ पाठीमागे बहुधा एखाद्या आसवाची किंवा कल्पाची जाहिरात. आम्लपित्ताच्या, आमवाताच्या आणि त्वग्विकाराच्या रुग्णास कागद एकच. तो घरी जाऊन फ्रीजच्या दारावर चिकटतो आणि तेथेच त्याचे कार्य संपते. रुग्णाला जीभ आवरत नाही, असे आपण म्हणून मोकळे होतो. माझ्या मते दोष बहुतांशी आपल्या लेखणीचा आहे. औषध एका रुग्णासाठी दिले जाते; अन्न मात्र कुटुंबासाठी शिजते, आणि ते कसे शिजते याची चौकशी आपण करीत नाही.

हे मला फार उशिरा उमजले. आमवाताची एक मध्यमवयीन रुग्णा माझ्याकडे येत असे. घरात सहा माणसे, स्वयंपाक तिच्याच हाती. सिंहनाद गुग्गुळ, एरंडस्नेह, वालुकास्वेद असे सारे यथाशास्त्र चालले होते. दही, उडीद, मासे, गूळ व पिष्टमय पदार्थ वर्ज्य, असे मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले होते. सहा आठवडे उलटले तरी सकाळचा आखडलेपणा हटेना. शेवटी मी तिला मागील सात दिवसांत काय काय खाल्ले ते वारांनुसार विचारले. मुलांच्या डब्यासाठी इडल्या होत्या, त्यांतल्या उरलेल्या तिने खाल्ल्या. शनिवारी मारुतीचा उपवास, म्हणून साबुदाण्याची खिचडी. उरलेल्या चार दिवशी सकाळी रात्रीच्या भाताला फोडणी दिली, आणि तो भात खाणारी ती एकटीच. “डॉक्टर, माझ्या एकटीपुरतं कुठं वेगळं शिजवू? आणि उरलेलं टाकवत नाही,” एवढेच ती म्हणाली. मी वरमलो. घरातील शिळे अन्न कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न मी वीस वर्षांच्या व्यवसायात एकदाही विचारला नव्हता.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काळ, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आपला छापील कागद यांपैकी फार तर पहिल्याला स्पर्श करतो. करण म्हणजे संस्कार, तो स्वयंपाकघरात घडतो. राशी म्हणजे मात्रा, ती वाढणाऱ्याच्या हातात असते. आणि उपयोक्ता हा घराबाहेर एकटा राहणारा कोणी नसतो. आठवड्याच्या आहाराची आखणी शास्त्राला अपरिचित आहे असेही नाही. प्रधान शुद्धीनंतरचा संसर्जनक्रम पेया, विलेपी, अकृत व कृत यूष आणि मांसरस अशा पायऱ्यांनी सात दिवसांचाच असतो. तेथे आपण वेळांसह तक्ता लिहून देतो आणि रुग्णही तो पाळतो. मग शमनचिकित्सेत तक्ता न देता नुसती निषेधांची यादी का?

आपल्याकडील घरांत आठवड्याची चौकट आधीच असते. सोमवार, गुरुवार किंवा शनिवारचा उपवास, बुधवार-शुक्रवार-रविवारचा सामिष आहार, आठवडी बाजाराचा दिवस, गिरणीत दळण टाकण्याचा दिवस. वर्षाच्या चौकटीत चातुर्मास येतो. कांदेनवमीला सुटलेले कांदा-वांगे कित्येक घरी चंपाषष्ठीलाच परत येते. या चौकटीशी भांडून पथ्य टिकत नाही, तिच्यात बसविले तर टिकते. उपरोक्त रुग्णेच्या घरी मी तिला व तिच्या सासूबाईंना समोर बसवून दिनदर्शिकेवर वार मांडले. शनिवारी साबुदाण्याऐवजी वरईचा भात व आमसुलाचे सार, आणि तेही सर्वांनाच. दळणाच्या वेळी ज्वारीत चौथा हिस्सा जव. आठवड्यातून दोन रात्री कुळथाचे कढण किंवा पिठले. त्यास कोणाची हरकत नव्हती. बाजाराच्या दिवशी पडवळ, कारले, शेवग्याच्या शेंगा. इडली राहिली, पण ती रविवारी, आणि तिच्यासाठी त्या दिवशी भाकरी. स्वतंत्र स्वयंपाक असा हा एकच.

खरी युक्ती फोडणीच्या अलीकडे आहे. मुगाचे वरण शिजले की फोडणी पडण्यापूर्वी रुग्णाची वाटी काढावी, तीत सुंठ व सैंधव घालावे. उरलेल्यास घरच्यांना रुचेल ते सर्व घालावे. भात शिजतानाच वरचा मंड काढता येतो. अन्न पाचपट, विलेपी चौपट, यवागू सहापट आणि मंड चौदापट पाण्यात, हे प्रमाण आपण परीक्षेपुरते पाठ केले; गृहिणीला ते वाटीच्या मापात सांगितले तर ती एका क्षणात समजते, कारण कुकरला पाणी किती हे ती रोजच मोजते.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे भाग आहे. आठवड्याचे नियोजन म्हणजे रविवारी सर्व शिजवून डबे फ्रीजमध्ये भरणे, असा अर्थ हल्ली नोकरदार घरांत रूढ होत आहे आणि काही वैद्यबंधू त्याच कारणाने नियोजन या शब्दासच नाके मुरडतात. पर्युषित अन्नाविषयी शास्त्राचे मत स्पष्ट आहे. ते फ्रीजने बदलत नाही असे मी मानतो. परंतु आठवड्याचे ठरविणे आणि आठवड्याचे शिजविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तांदूळ व मूगडाळ भाजून ठेवता येते, आणि भर्जनाने ती लघुच होतात. मेतकूट, भाजणी, जवसाची वा कारळाची कोरडी चटणी, निवडून कोरडी केलेली भाजी, हे सारे आधी करून ठेवावे. आपल्या आज्या हेच करीत. सायंकाळी सातला घरी पोहोचणाऱ्या स्त्रीला ‘ताजेच खा’ असे सांगून आपण सुटतो, पण तिला पंचवीस मिनिटांत ताजे कसे होईल हे सांगणे हेही चिकित्सेचेच अंग आहे. स्वयंपाक पुरुषांनीही करावा, हे त्या संभाषणात म्हणावयास हरकत नसावी. मी म्हणतो. काही जण हसतात, काही करतात.

वेळेचा प्रश्न खरा आहे. पहिल्या भेटीत यास पंधरा-वीस मिनिटे जातात. त्याचे शुल्क मी घेतो व ते देताना कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. त्या रुग्णेस पुढील दोन महिन्यांत बराच उपशम मिळाला. त्यात औषधाचा वाटा किती आणि चुलीचा किती, हे मी सांगू शकणार नाही. औषध तेच होते.

औषधालयांच्या मालकांस एक विनंती. निर्मात्यांकडून फुकट येणारी पथ्यपत्रके काउंटरवर ठेवणे थांबवावे. त्याऐवजी सात वारांचे कोरे रकाने असलेला एक साधा कागद छापावा, जाहिरातीविना. वर रुग्णाचे नाव, आणि त्याखाली ‘घरी स्वयंपाक कोण करते’ यासाठी एक ओळ मोकळी सोडावी. औषधयोजनेबरोबर तो कागद वैद्याकडे रिकामा यावा आणि रुग्णाबरोबर भरून जावा. जव, कुळीथ, जुने तांदूळ व वरई यांची अर्धा-अर्धा किलोची पुडकी चूर्णांच्या शेजारी ठेवली तर उत्तम. नफा थोडा सुटेल, हे मी जाणतो.