बेसमेंटमधलं मेटॅग

गणपतीत आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती. गावोगावचे कारखाने बंद पडतात त्याचा विषय निघाला. एक मित्र म्हणाले, "आपण दोन बॅगा घेऊन सात समुद्र ओलांडून आलो. या लोकांना पन्नास मैलांवर नोकरीला जायला काय होतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात बेसमेंटमधलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. जुन्या मंडळींना मेटॅगची टीव्हीवरची जाहिरात आठवेल. मशीन कधी बिघडतच नाही, म्हणून दुरुस्तीवाला बिचारा माश्या मारत बसलेला! ही मशीनं आयोवातल्या न्यूटन गावी बनत. १८९३ साली एफ. एल. मेटॅगने तिथे शेतीच्या अवजारांचा धंदा काढला आणि १९०७ पासून धुण्याची यंत्रं करायला घेतली. पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव, सगळं या एका कंपनीभोवती वाढलेलं. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूटनच्या कारखान्याला टाळं लागलं. त्याआधी, २००४ मध्येच, इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा मेटॅगचा फ्रिजचा कारखाना बंद होऊन सुमारे १६०० जण घरी बसले होते. ते काम मेक्सिकोत रेनोसाला गेलं.

अशा वेळी तिशीतला माणूस गाव सोडतो, कुठेतरी लागतो. प्रश्न असतो अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा. सोशल सिक्युरिटी लवकरात लवकर बासष्टाव्या वर्षी, तीही कापून. मेडिकेअर पासष्टला. मधल्या वर्षांचं काय? कोब्रा कायद्याने कंपनीचा विमा साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरून. म्हणजे पगार थांबला की खर्च वाढला! २०१४ च्या आधी तर दुखऱ्या पाठीच्या माणसाला स्वतंत्र विमा बहुतेक राज्यांत सरळ नाकारता येई. ओबामांच्या कायद्याने ते बंद झालं. अशा माणसांवर ते मोठे उपकार आहेत, राजकारण कुणाचं काहीही असो.

घर विकून जावं म्हणाल, तर घेणार कोण? अर्ध्या आळीत तीच पाटी लागलेली. नवं काही शिकावं? काम परदेशी गेलेल्यांना सरकारी खर्चाने शिकवण्याची एक योजना होती. जुलै २०२२ पासून तिच्यात नवीन कामगार घेतले जात नाहीत. आणि योजना होती तेव्हाही छप्पन्नाव्या वर्षी नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून बीजगणित करायचं, हे बोलायला सोपं आहे.

न्यूटनने हातपाय हलवले नाहीत असं कुणी म्हणू नये. २००८ मध्ये पवनचक्कीची पाती बनवणारा कारखाना आला, मेटॅगच्या जुन्या इमारतीत पवनचक्कीचे मनोरे बनू लागले. २००९ च्या एप्रिलमध्ये तिथे खुद्द राष्ट्राध्यक्ष येऊन भाषण करून गेले. पण २०२१ च्या अखेरीस पात्यांचं कामही थांबलं. एकाच माणसाने पंधरा वर्षांत दोनदा घरी बसायचं म्हणजे काय!

वर निवृत्तीचं वय. १९८३ च्या कायद्याने ते हळूहळू वाढत गेलं आणि १९६० नंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन आता सदुसष्टला. आपल्यासारखे खुर्चीवर बसणारे सदुसष्टपर्यंत ओढतील. असेंब्ली लाइनवर तीस वर्षं एकच हात वर-खाली केलेल्याचा खांदा पंचावन्नलाच जातो. हा हिशोब ज्यांनी केला, त्यांनी तरी कधी वजन उचललं होतं का?

आणि आपलं ते सात समुद्रांचं. आपण पंचविशीत आलो, हातात डिग्री होती, गुडघे धड होते. आईवडिलांना भावाच्या, वहिनीच्या भरवशावर ठेवून आलो. इथल्या माणसाची आई दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सिंग होममध्ये असते आणि तिला रोज संध्याकाळी भरवायला तोच जातो. तो पन्नास मैल जात नाही म्हणून त्याला आळशी म्हणणारे आपण कोण?

मशीन दुरुस्त करायला जो आला तो साठी ओलांडलेला. बेसमेंटचा जिना कठड्याला धरून, एकेक पायरी उतरला. मशीन पुढे ओढायला मी हात लावला तर नको म्हणाला नाही. पट्टा बदलला, मागच्या पट्टीवरचं 'न्यूटन, आयोवा' वाचून म्हणाला, "हे काढू नका, अजून दहा वर्षं जाईल." वर आल्यावर हिने चहा दिला. किती दिवस हे काम करणार, मी विचारलं.

"चौदा महिने," तो म्हणाला. "मग मेडिकेअर."