रोबोला घाबरावे ते कुठे?

आमच्या इमारतीतल्या एका आजींना त्यांच्या मुलाने दिवाळीला केर काढणारा रोबो पाठवला. ताटाएवढी ती गोल चकती घरभर फिरू लागली, की आजी दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन बसतात. ‘मेलं कुठून अंगावर येईल, नेम नाही!’ चार वर्षांचा नातू मात्र तिच्यावर बसून सफर करायला बघतो. आजींचे भय आणि नातवाचा निर्धास्तपणा, दोन्हींचे थोडे थोडे चुकते आहे.

आजींच्या पायांना तसा धोका नाही. पायाला टेकताच तो रोबो वळतो. धोका आहे तो केसांना. २०१५ साली दक्षिण कोरियात एक बाई घरात जमिनीवर झोपल्या असताना अशाच एका रोबोने त्यांचे केस आत ओढून घेतले. अग्निशमन दलाची माणसे आली तेव्हा कुठे सुटका झाली. जमिनीवर पडलेले आत ओढायचे, एवढेच त्या यंत्राला ठाऊक. केर कोणता आणि केस कोणते, हे कळायचे कसे? दुपारी चटईवर लवंडायची सवय आपल्याकडेही घरोघरी आहेच.

मॉस्कोत जुलै २०२२ मध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धेत असेच झाले. रोबोची खेळी पुरी होण्याआधीच सात वर्षांच्या मुलाने घाईने हात पुढे केला. यंत्राने सोंगटी समजून त्याचे बोट पकडले आणि बोटाचे हाड मोडले. पोरगा धीराचा, दुसऱ्या दिवशी प्लास्टर बांधून पुन्हा खेळायला बसला. या साऱ्यात रोबोला राग आला नव्हता की त्याने बंड केले नव्हते. चित्रपटांनी आपल्याला भलत्याच गोष्टीला घाबरायला शिकवले आहे. यंत्राला समोरचा माणूस ‘माणूस’ म्हणून कळतच नाही, भीती असलीच तर ती याची.

कारखान्यांनी हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला आणि यंत्राच्या हाताचा तडाखा बसून जागीच गेला. आपल्याकडे हरियाणात मानेसरला २०१५ साली एक तरुण कामगार असाच बळी पडला. म्हणून मोठे रोबो जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. दार उघडले, की यंत्र थांबले पाहिजे. आत शिरून त्याला काम शिकवायचे असेल, तर त्याच्या हाताचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण वीतभराच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे नवे रोबो धक्का लागताच थांबतात.

पण यंत्र सुरक्षित असणे वेगळे आणि माणसाला तसे वाटणे वेगळे. जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवले, की यंत्र माणसासारखे दिसू लागले की आवडते. पण हुबेहूब होता होता थोडक्यात चुकले, की अंगावर काटा येतो. जपानमध्येच तयार झालेला ‘पारो’ हा लोकरी रोबो म्हणूनच सीलच्या पिलासारखा केला आहे. मांजर केले असते, तर लोकांनी खऱ्या मांजराशी तुलना करून नाके मुरडली असती. सील कोणी पाळलेला असतो? विस्मरणाचा आजार झालेले वृद्ध त्याला मांडीवर घेऊन कुरवाळत बसतात.

हा विश्वास वाजवीपेक्षा जास्त बसला तर? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेने २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाट दाखवणारा रोबो काही जणांना आधी मुद्दाम चुकीच्या खोलीत नेत होता. मग खोटा धूर सोडून आगीची घंटा वाजवली. लोकांनी आल्या वाटेने बाहेर पडावे की नाही? पण बहुतेक सगळे त्या रोबोच्याच मागे निघाले! मला तर आजींच्या भयापेक्षा हे जास्त काळजीचे वाटते.

तेव्हा असा रोबो घरी आणलात, तर तो बंद करायचे बटण कुठे आहे, हे आधी घरातल्या प्रत्येकाला, अगदी कामाला येणाऱ्या बाईंनाही दाखवा. रांगते मूल जमिनीवर असताना तो सुरू करू नका. कोरियातली हकिगत मी आजींना सांगितली. पाय त्या अजूनही वरच घेतात. पण दुपारी चटई टाकण्याआधी आता रोबोचे बटण बंद करतात आणि केसांचा घट्ट अंबाडा घालतात.