नाव ठाऊक नसलेला चोर

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर गणपती म्हणून बसण्याचा मान ज्या फळाला मिळतो, त्याच्या घराण्याची आपण मुंबईकर फारशी चौकशी करीत नाही. दादरच्या बाजारातून पाच सुपाऱ्या आणाव्यात, एखादी किडकी निघाली तर वाण्याच्या नावाने बोटे मोडावीत, इतकाच आपला संबंध! पण गिरगाव-लालबागच्या चाळींत अशीही घरे आहेत, की ज्यांची सुपारी गावच्या वाडीतून येते. अशा घरी सुपारीचे पोते म्हणजे नुसते फळ नव्हे; तो भाऊबंदकीचा वार्षिक ताळेबंद असतो.

आमच्या गिरगावातल्या एका शेजाऱ्यांकडे श्रीवर्धनहून येणारे हे पोते एका दिवाळीला अर्धेच आले. वाडी सांभाळणाऱ्या धाकट्या भावाने कळविले, "श्रावणात हिरवी फळे गळून पडली." झाले! चाळीच्या गॅलरीत तपास सुरू झाला. कोणी गड्याला चोर ठरविले, कोणी भावजयीच्या नव्या पाटल्यांकडे बोट दाखविले. पुढच्या वर्षीही पोते अर्धेच आले, तेव्हा दोघा भावांचे बोलणे थांबले. रोगाचे नाव ठाऊक नसले, की माणसे माणसांनाच नावे ठेवतात.

धाकट्या भावाची मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. ती बापाची बाजू घेणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. तिने बाजू घेतली नाही. तिने गळालेली फळे घेतली.

फळ गळण्याची कारणे अनेक असतात. फळ उभे तडकले असेल, तर पाणी आणि खत यांच्या हिशेबाकडे पाहावे लागते. पोफळीच्या बुंध्याशी फळीसारखे कठीण भूछत्र उगवले असेल, तर गॅनोडर्मा नावाच्या बुरशीचा संशय येतो. या फळांवर मात्र देठाजवळ पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग होता. मुलीने ती ओलसर कागदावर झाकणाच्या डब्यात ठेवली. दोन-तीन दिवसांत डागावर पांढरी लव आली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लवेत लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या दिसल्या. पाण्याचा थेंब मिळताच त्या फुटून दोन-दोन शेपट्यांचे बीजाणू पोहू लागले. पावसाळ्यातच फळे का गळतात, याचे उत्तर त्या थेंबात होते.

पण घटनास्थळी सापडला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही! म्हणून तो जीव वेगळा काढून वाढवायचा, निरोगी फळावर सोडायचा, तोच डाग उमटतो का ते पाहायचे, आणि त्या डागातून पुन्हा तोच जीव निघाला, तरच आरोप शाबीत. मनुष्यमात्रावर आळ घेताना आपण याच्या शतांशाने तरी काळजी घेतो का?

हा रोग म्हणजे 'कोळेरोग'. मराठीच्या मास्तराला इथे थोडी लुडबूड करू द्या: शब्द मूळचा कानडी, 'कोळे' म्हणजे कुजणे. १९०८ साली म्हैसूर संस्थानात आलेल्या लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने या रोगाचा कसून अभ्यास केला आणि १९१० साली तो प्रसिद्ध केला. गुन्हेगाराचे कुलनाम फायटोफ्थोरा, म्हणजे ग्रीक भाषेत 'वनस्पतींचा संहारक'. याच्याच एका भाईबंदाने १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे कुजविले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. गंमत अशी, की हा बुरशी म्हणून ओळखला गेला, पण आजचे शास्त्र त्याला खऱ्या बुरशीच्या नव्हे, तर तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यात बसविते.

नाव कळले, की औषधही सापडते. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळ्या पाण्यात कालवून १०० लिटर पाण्यात मिसळायचे. याला बोर्डो मिश्रण म्हणतात. त्यात लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस लेप चढला, तर चुना कमी पडला असे समजावे. पावसापूर्वी एकदा आणि नंतर सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप साधून, हे घोसांवर फवारायचे. विड्यात सुपारीला रंगविणारा चुना वाडीत तिचा जीव वाचवितो! (सुपारी चघळणे कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली दिला आहे, तेव्हा ती पूजेतच शोभते.)

थोरल्या भावाने त्या पुतणीचा अहवाल दोनदा वाचला, आणि पुढच्या ज्येष्ठात फवारणीची मजुरी न मागता धाडली. क्षमेचे पत्र त्याने लिहिले नाही. कोकणात ते असेच लिहितात.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा कोणी कोणावर आळ घेतला नाही; वादळ सर्वांना दिसले होते. घरे मोडतात ती न दिसणाऱ्या गोष्टींनी. यंदा फराळाच्या ताटावर कोणाचा हिस्सा उणा भासला, तर वाचकहो, चोर शोधण्यापूर्वी फळाचा देठ पाहावा.