व्यापार आणि मनाची पारख

दिलसुखनगरच्या हमरस्त्याने चैतन्यपुरीपर्यंत पायी जावे, तर शिकवणी वर्गांच्या पाट्या मोजता मोजता माणूस थकून जाईल. बँकेच्या परीक्षा, पोलीस भरती, संगणक, इंग्रजी संभाषण, सारे काही येथे शिकविले जाते. गतवर्षी आमच्या पुतण्याने अशाच एका वर्गात नाव घातले. विषय विचारला तेव्हा म्हणाला, ‘काका, इमोशनल इंटेलिजन्स.’ आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यास म्हटले, ‘अरे, बुद्धी एकीकडे आणि भावना एकीकडे, या दोहोंची मोट एकत्र कशी बांधली?’ त्याने एक पुस्तकच आणून आमच्या पुढ्यात ठेविले. इंग्रजी आम्हांस सावकाश वाचता येते. दुकान बंद झाल्यावर दररोज चार-पाच पाने, याप्रमाणे ते वाचून काढले. त्यावरून मनात जे आले, ते व्यापारी बंधूंपुढे मांडीत आहो.

ही संज्ञा फार जुनी नव्हे. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एका लेखात तिची मांडणी केली, आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकाने ती घरोघरी पोचविली. तात्पर्य असे की, आपल्या मनात कोणती भावना उठली आहे ती वेळीच ओळखावी, समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते जाणावे, एका भावनेस दुसरी समजण्याची चूक करू नये, आणि या ज्ञानाचा विचारात व वर्तनात उपयोग करावा. हे ऐकून ‘आपल्याकडे हे सारे पूर्वीपासूनच आहे’ असे म्हणून हात झटकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आमचे मत तसे नाही. ग्रंथात असणे आणि गादीवर असणे यांत फार अंतर आहे. पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढले की तूर ओली की वाळलेली, हे आम्ही सांगू शकतो. स्वतःच्या मनात अशी नळी घालण्याची सवय मात्र आम्हांस साठीपर्यंत लागली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी सायंकाळी आमच्या या वस्तीत भर रस्त्यावर थोड्या अंतराने दोन स्फोट झाले. १८ माणसे प्राणास मुकली, शंभराहून अधिक जखमी झाली. स्फोटके सायकलींवर ठेविली होती, असे तपासात पुढे आले. दोन दिवसांनी आम्ही दुकान उघडले. दहाच्या सुमारास पाहतो तो पायरीस टेकवून एक सायकल उभी, तिच्यामागे झाकलेले पोते, आणि जवळ कोणी नाही. आम्ही मोठ्याने ओरडलो. माणसे जमली. इतक्यात समोरच्या चहाच्या टपरीवरून एक मनुष्य धावत आला. पोत्यात कढीपत्ता व कोथिंबीर होती. तो गेली कित्येक वर्षे तेथेच सायकल लावीत असे, आणि आम्हीही ते नित्य पाहत होतो. तरीसुद्धा आमचा हात त्याच्यावर उठला. जमलेल्यांपैकी आणखी दोघांचाही उठला. त्याने तेलुगूत काहीतरी म्हटले, हात जोडले, सायकल घेतली, आणि त्या दिवसापासून तो आमच्या गल्लीत फिरकला नाही.

त्या दिवशी जो भेटेल त्यास आम्ही हेच सांगत होतो की, त्याचा बेजबाबदारपणा पाहून आम्हांस संताप आला. वस्तुतः संताप आलाच नव्हता. आली होती ती भीती. परंतु भ्यालो म्हणण्यापेक्षा रागावलो म्हणणे गादीवर बसणाऱ्यास अधिक शोभते, एवढ्यासाठी भीतीने रागाचा अंगरखा घातला. ‘आम्ही भ्यालो आहो’ एवढे एक वाक्य मनाशी जरी उच्चारले असते, तर आम्ही त्या माणसाची वाट पाहिली असती. ही गोष्ट आमच्या ध्यानी आली ती पुतण्याचे पुस्तक वाचताना, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तेव्हा या नव्या विद्येचे ऋण आम्ही नाकारीत नाही.

तथापि, या वर्गांत जे शिकविले जाते ते सर्वच आम्हांस मान्य नाही. पुतण्याने एक पाठ वाचून दाखविला. ग्राहकाच्या चेहऱ्यावर अनिश्चितता दिसली की माल संपत आला आहे असे सुचवावे, तो घरच्या काळजीत दिसला की मुलाबाळांचा विषय काढून त्यास आपलेसे करावे, इत्यादी. आम्ही त्यास विचारले, ‘बाबा रे, यास आपल्याकडे काय म्हणतात?’ तो गप्प राहिला. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत तिसरी जी माया, म्हणजे कपट, ती हीच. दुसऱ्याचे मन वाचता येणे ही शक्ती आहे. पण ती आपल्या लोभावर लगाम नसलेल्याच्या हाती पडली तर खोट्या मापापेक्षा वाईट. खोटे माप निदान पुन्हा तोलून पकडता येते.

क्रोधाविषयी आपल्या कर्मग्रंथांत जे सांगितले आहे ते मात्र पुतण्याच्या पुस्तकात आम्हांस आढळले नाही. तेथे क्रोधाचे चार प्रकार आहेत. एक पाण्यावरील रेघेसारखा, दुसरा वाळूतील रेघेसारखा, तिसरा सुकलेल्या भूमीस पडलेल्या भेगेसारखा, चौथा पर्वतास गेलेल्या चिरेसारखा. पहिल्याची मुदत पंधरवडा, दुसऱ्याची चार महिने, तिसऱ्याची एक वर्ष. चौथा जन्मभर पुरतो. पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमण याच मुदतींशी जुळते. व्यापाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आमचा सारा उधारीचा धंदा मुदतीवरच चालतो. पंधरा दिवसांची उधारी सहा महिन्यांवर गेली की आम्ही बेचैन होतो. पंधरा दिवसांचा राग सहा वर्षे चालला तरी त्याचा हिशेब कोणी मागत नाही. एखाद्या हमालाने पोते फाडले, लॉरीवाल्याने रात्रीचा माल सकाळी आणला, असले राग पाण्यावरचेच असतात; त्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. भेग पडते ती पैशाच्या व्यवहारात.

आमच्या वस्तीत परगावच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे पुष्कळ. मिर्यालगुड्याचा तांदूळ, तांडूरची व लातूर-उदगीरकडील तूरडाळ आम्ही त्यांस पुरवितो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मुले गावी गेली, वसतिगृहे ओस पडली. एका वसतिगृहचालकाकडे आमचे १,४२,००० रुपये येणे होते. दोन महिने तो फोनवर बोलत असे. तिसऱ्या महिन्यापासून उचलीनासा झाला. आम्ही संदेश पाठविले. पहिला सौम्य होता, पाचवा सौम्य नव्हता. उत्तर येईना. तेव्हा हा मनुष्य बुडविणार असा आम्ही निष्कर्ष काढला, आणि तेवढ्यावर न थांबता बाजारात चार ठिकाणी तसे बोलून दाखविले. दोन दुकानांनी त्याची उधारी बंद केली.

जानेवारी २०२१ मध्ये आमचे मेहताजी म्हणाले, ‘शेठजी, मी एकदा जाऊन येतो.’ पूर्वी उगराणीस माणूसच जात असे. फोन आल्यापासून ती पद्धत मोडली, आणि त्याबरोबर समोरच्याचे तोंड पाहण्याची संधीही गेली. मेहताजी सातवीपर्यंत शिकलेले, कोणत्याही वर्गास न गेलेले. ते तेथे गेले, पाणी प्याले, मुलांच्या शाळेची चौकशी केली, आणि पैशाचा विषय न काढता परत आले. येऊन म्हणाले, ‘जागेचे भाडे थकले आहे. खाटा एकेक करून विकतो आहे. तुमचा नंबर दिसला की त्याचा हात उचलत नाही.’ आम्ही ज्यास लबाडी समजत होतो ती लाज होती. चौथ्या दिवशी तो स्वतः पाच हजार रुपये घेऊन दुकानी आला. मेहताजींनी पैशाचा विषय काढला असता तर तो आला नसता, असे आम्हांस वाटते. आणि आम्ही गेलो असतो तर तो विषय काढल्यावाचून राहिलो नसतो, हेही खरे.

येथे एक गोष्ट लिहिण्यास संकोच वाटतो. २०२० च्या संवत्सरीस आमच्या फोनवरून तीनशेहून अधिक लोकांस क्षमापनेचा संदेश एका बोटाने गेला होता. त्यात या गृहस्थाचे नाव नव्हते. कढीपत्तेवाल्याचे तर नावच आम्हांस कधी ठाऊक नव्हते. ज्यांचे आम्ही काहीही वाईट केले नव्हते, अशा लोकांची क्षमा मागण्यात तो दिवस गेला.

तो पाच हजार देऊन गेला त्या आठवड्यात आम्ही त्या दोन्ही दुकानी स्वतः गेलो आणि आपला शब्द परत घेतला. एकाने ऐकून घेतले व उधारी पुन्हा सुरू केली. दुसरा हसून म्हणाला, ‘शेठ, आता काय उपयोग? आमच्याकडचे त्याचे खाते बंद झाले.’ बाजारात सोडलेला शब्द पोत्यातून सांडलेल्या मोहरीसारखा असतो. वेचू म्हटले तरी सारा हाती लागत नाही. कढीपत्तेवाल्यास शोधण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला. टपरीवाल्याकडे विचारले, ती टपरीही आता दुसऱ्याच्या हाती आहे.

वसतिगृहचालकाकडे आमचे अजून ३८,००० रुपये येणे आहेत. पुतण्या दर वहीपूजनास म्हणतो, ‘काका, एवढी बाकी सोडून द्या, संगणकातले खाते स्वच्छ होईल.’ मेहताजींचे म्हणणे निराळे आहे. तो मनुष्य महिना दीड महिन्याने येतो, कधी दोन हजार देतो, कधी एक, गादीवर बसून चहा घेतो आणि मुलगी कोणत्या इयत्तेत गेली ते सांगतो. बाकी सोडली तर तो येईनासा होईल, असे मेहताजी म्हणतात. खाते चालू ठेविले आहे.