उंबऱ्याबाहेरचा नाताळ

डिसेंबरात कोपनहेगनमध्ये दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. शेवटचं लेक्चर संपवून बाहेर यावं, तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. इथे शिकायला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात या अंधाराने मला गाठलं. नाताळ जवळ आला तशी वसतिगृहातली डॅनिश मुलं-मुली एकेक करून घरी गेली आणि आमचं सामायिक स्वयंपाकघर ओस पडलं.

डॅनिश नाताळ घरातला असतो. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी कुटुंब एकत्र जेवतं; मग दिवे लावलेल्या झाडाभोवती हातात हात धरून सगळे फेर धरतात, गातात. सुंदरच आहे ते. पण ज्याला कुणी बोलावलेलं नाही त्याच्यासाठी त्या रात्री शहराची दारं मिटलेली असतात.

त्याच्या चार दिवस आधी मी एकटीच टिव्होलीला गेले. मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ही बाग. गेऑर्ग कार्स्टेन्सन यांनी १५ ऑगस्ट १८४३ रोजी ती सुरू केली, तेव्हा ही जागा शहराच्या तटाबाहेर होती. आतलं तळं म्हणजे त्या तटाभोवतीच्या खंदकाचाच उरलेला तुकडा. दीडशे वर्षं ही बाग उन्हाळ्यापुरती उघडायची. नाताळात ती उघडायला लागली १९९४ पासून. वर्षातल्या सर्वांत काळोख्या दिवसांतच दिवे लावायचे, हे ज्यांना सुचलं त्यांचे मी मनोमन आभार मानले.

प्रवेशाचं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जडच, आणि पाळण्यांचे पैसे वेगळे. म्हणून मी एकच निवडला: १९१४ सालचा लाकडी रोलर कोस्टर. त्याच्या प्रत्येक गाडीत ब्रेक सांभाळणारा माणूस स्वतः बसलेला असतो. उतारावर वेग किती ठेवायचा ते त्याच्या हातात. शंभराहून अधिक वर्षं कुणी ना कुणी असं अनोळखी माणसांना सांभाळून खाली आणतंय, या विचारानेच मला धीर आला.

खाली उतरले तर दालचिनी, लवंग आणि वेलदोड्याचा वास. मनुका-बदाम घातलेली गरम वाइन विकत होते. ग्लॉग म्हणतात तिला. शेजारी एबलस्किवर तळहाताएवढ्या ताटलीत मिळत होते. गोल खळग्यांच्या बिडाच्या भांड्यात केलेले, वर पिठीसाखर, बाजूला जॅम. ते भांडं पाहून मी जागीच थांबले. ते आजीचं आप्पेपात्र होतं!

बाकावर एक आजीबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. मी त्यांना फोनमधला आमच्या आप्प्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो नातवाला दाखवला, कशात करता, गोड की तिखट, सगळं विचारलं. दहा मिनिटांचंच बोलणं. पण त्या आठवड्यात अभ्यासाखेरीज माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच. निघताना दोघंही म्हणाले, "ग्लेदली युल." शुभ नाताळ.

परतताना मला आपला गणपती आठवला. घरचा गणपती आपल्या माणसांचा असतो. चौकातल्या मांडवात मात्र कुणीही जाऊन हात जोडावेत. सणाला दोन्ही लागतात. घराची ऊब हवीच, पण उंबऱ्याबाहेर एखादी जागा अशी हवी, जिथे परका माणूस आमंत्रणावाचून येऊन बसू शकेल.

दिवाळीत आपल्याकडेही कॉलेजांच्या मेस बंद होतात. मणिपूरहून, बिहारहून, आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आलेली कितीतरी मुलं तेव्हा खोलीतच असतात. पुण्यात असताना माझ्या शेजारच्या इमारतीत अशी मुलं राहायची. मी त्यांना एकदाही फराळाला बोलावलं नाही. तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर येत्या दिवाळीत त्यांना नक्की बोलवा.